मागे कोण राहणार

शेगडीच्या वर टांगलेल्या घड्याळाला तासकाटे दोन होते. एक काळा, कारखान्यातून आलेला. दुसरा लाल, मार्लाच्या आजोबांनी कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून केलेला. लाल काट्याला स्वतःची चाल नव्हती. तो काळ्याला तीस अंश मागे रिव्हेट ठोकून जोडलेला होता आणि दिवसभर त्याच्या मागे मागे फिरायचा. नववीत असताना मार्लाने खुर्चीवर चढून त्या दोघांमधला कोन मापला होता. तो साडेएकोणतीस अंश भरला. म्हणजे कोवारिकांच्या स्वयंपाकघरातली पश्चिमेची वेळ कायमच एक मिनिट पुढे होती. तिने हे संध्याकाळी जेवताना सांगितलं, तेव्हा बाबांनी बटाट्यांचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "गाईंची काही तक्रार नाही."

घरापासून साडेतीन मैल पश्चिमेला, वाळूच्या टेकड्यांमधून, वेळेची रेषा जाते. रस्त्याकडेला एक हिरवी पाटी आहे, तिला छऱ्यांची सात भोकं आहेत; रेषेची खूण म्हणून तेवढंच. पाटीच्या अलीकडे पुढची वेळ, पलीकडे एक तास मागची. चर्च अलीकडे, गुरांचा बाजार पलीकडे. त्यामुळे इकडची माणसं नुसतं 'दहा वाजता' असं कधी म्हणत नाहीत. पुढचे दहा की मागचे, ते सांगतात. फक्त स्वतःच्या घरात सांगत नाहीत. घरातल्या माणसांना काय सांगायचं?

म्हणूनच फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मार्लाने फ्रिजवर लावलेल्या कागदावर नुसतं 'नऊ' असं लिहिलं होतं.

ग्लेशियर पार्कातल्या तळ्याकाठच्या मुक्कामाच्या जागा बरोबर सहा महिने आधी खुल्या होतात, डोंगरातल्या, म्हणजे मागच्या, आठ वाजता. इथले नऊ. सतरा ऑगस्टची जागा आज खुली होणार होती. बाकीची सहल हातात होती: बॅडलँड्समध्ये दोन रात्री, बिगहॉर्नच्या घाटापलीकडे एक, यलोस्टोनमध्ये चार. पण बाबांना, म्हणजे एल्डन कोवारिकना, एकोणऐंशीव्या वर्षी हिमनदी बघायची होती, आणि तीसुद्धा तळ्याच्या काठावर खुर्ची टाकून. नात केन्झी ऑगस्टअखेर कॉलेजला जाणार होती. पुढच्या उन्हाळ्यात सगळे एकत्र असतील याची खात्री कुणी देत नव्हतं, आणि कुणी तसं बोलतही नव्हतं.

त्या जागा दहा मिनिटांत संपतात. म्हणून सगळे जमले होते.

सव्वाआठला मार्लाचा धाकटा भाऊ ट्रॉय आणि त्याची बायको जोडी त्यांच्या घरून आले. ते पूर्वेच्या कुरणात, अर्ध्या मैलावर. केन्झी लॅपटॉप छातीशी धरून मागोमाग आली. आर्लिस आत्या, बाबांची पंचाहत्तर वर्षांची बहीण, अकरा मैल पश्चिमेहून, म्हणजे मागच्या वेळेतून, दालचिनी रोल्सचा भला मोठा ट्रे घेऊन आली.

"घरून सात वाजता निघाले आणि साडेआठला पोचले," तिने बूट काढत जाहीर केलं. "अकरा मैलांना दीड तास. घोड्यावर लवकर आले असते."

"तासाभराची कर्जफेड असते ती, आर्लिस आजी," केन्झी म्हणाली. "परत जाताना मिळेल."

"पन्नास वर्षं तेच ऐकतेय. मिळतो तेव्हा झोपेत जातो."

बाबा टेबलाच्या टोकाला कागदी नकाशा उलगडून बसले होते. नकाशाच्या घड्यांवर मार्लाने पूर्वीच चिकटपट्टी लावली होती. तिच्याखाली वायोमिंगची दोन गावं पिवळी पडली होती. बाबांच्या हातात पेन्सिल होती, पण ते काही लिहीत नव्हते. मार्लाने काढलेल्या रेघेवरून पेन्सिलीचं टोक हवेत चालवत होते.

"हा घाट किती उंच?"

"नऊ हजार सहाशे फूट," मार्ला म्हणाली. "ट्रेलर ओढत असाल तर सकाळीच चढा. दुपारी इंजिन तापतं. वरती डाव्या हाताला थांबायला जागा आहे, पण वळण अवघड आहे. उजवीकडची घ्या."

"बघ," ट्रॉय जोडीला म्हणाला, "हिला नकाशासुद्धा लागत नाही."

केन्झीने मार्लाची वही स्वतःकडे ओढली. सतरा पानं होती. रोज किती मैल, पाणी कुठे, कुठल्या पेट्रोलपंपावर लांब गाडी वळते. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"आत्या, इथे लिहिलंयस, 'तंबूचं तोंड पश्चिमेला नको, पहाटे तळ्यावरून वारा येतो.' हे तुला कसं माहीत?"

"तिथल्या हवामानाच्या नोंदी वाचल्या. अकरा वर्षांच्या."

"म्हणजे तू तिथे गेलेली नाहीस?"

"नाही."

"आणि या घाटात?"

"नाही."

केन्झीने पानं मागे उलटली, पुन्हा पुढे उलटली. कुतूहल वाटलं की ती अशी पानं उलटते, जणू उत्तर कागदाच्या पाठीमागे असेल. "मग तू कुठपर्यंत गेलीयस?"

"तुझी आत्या पश्चिमेला माझ्या घरापर्यंत आलीय," आर्लिस आत्या रोल कापत म्हणाली. "अकरा मैल."

"रॅपिड सिटीला गेले होते," मार्ला म्हणाली. "दोनदा."

"अक्कलदाढ काढायला. तो काय प्रवास झाला?"

सगळे हसले, मार्लाही हसली. आजवरच्या चारही सहली तिने आखल्या होत्या. चारही वेळा ट्रेलरचे दिवे लागतात की नाही ते मागे उभं राहून बघितलं होतं आणि फाटक लावून घेतलं होतं. नंतर फोटो आले की अल्बमात तारीखवार चिकटवले होते. तळ्यांचं पाणी दुधी निळं का दिसतं हे तिला ठाऊक होतं: बर्फ खडक दळतो, ते पीठ इतकं बारीक असतं की बुडाशी बसत नाही, आणि प्रकाश त्यावरून विखुरतो. कॉलेजात तिने बरणीत तसं पाणी करूनही बघितलं होतं. पण बरणी ती बरणी. त्या पाण्यात हात घातला तर तो कुठल्या खोलीवर दिसेनासा होतो, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

या वेळी आपणही जायचं, असं तिने ऑक्टोबरात ठरवलं होतं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सांगू म्हणाली, तेव्हा बाबांना खोकला होता. ख्रिसमसला सांगू म्हणाली, तेव्हा जोडीने ट्रेलरमध्ये कोण कुठे झोपणार याचं चित्रच काढून आणलं. त्यात पाच आयत होते आणि आर्लिस आत्या धरून पाच नावं; मार्लाचं नव्हतं. आज बुकिंगच्या अर्जात माणसांचा आकडा भरायचा होता. एकदा तिथे पाच पडले की पडले.

"गुरांच्या पाण्याच्या पवनचक्क्या रॉस बघणार आहे ना?" जोडीने विचारलं. रॉस म्हणजे पूर्वेचा शेजारी.

"बघेल," बाबा म्हणाले. "गाईंची काळजी नाही. बाकीचं मार्लाकडे आहे."

बाकीचं म्हणजे पर्जन्यमापक. अंगणात, कुंपणाच्या आत, पत्र्याचं नळकांडं आहे. आजोबांनी १९३१ साली सरकारी हवामान खात्यासाठी ते बसवून घेतलं आणि तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता कोवारिकांपैकी कुणीतरी तिथे जाऊन पट्टी बुडवतं आणि पाणी इंचाच्या शतांशापर्यंत वाचतं. आजोबांनंतर बाबांनी, आणि मार्ला एकोणीस वर्षांची झाल्यापासून मार्लाने. घरात कुणी आजारी पडलं, कुणी मेलं, कुणाचं लग्न झालं, तरी नोंद झालीच. बैठकीच्या खोलीत खात्याने दिलेली तीन मानपत्रं आहेत. बाबा पाहुण्यांना आधी ती दाखवतात, मग बसा म्हणतात.

"रात्रीचा बर्फ वितळवायचा राहिलाय," मार्ला उठत म्हणाली. सकाळी सातला तिने नळकांडं आत आणून दुसरं लावलं होतं, पण मग गुरांच्या टाकीवरचा बर्फ फोडण्यात दीड तास गेला. "मी मागच्या खोलीत आहे. ट्रॉय, तू बसतोस का लॅपटॉपवर?"

"बसतो. दर वेळी तूच का? एक बटण तर दाबायचंय."

मागच्या खोलीत ती गरम पाणी मापून नळकांड्यात ओतते, बर्फ विरघळला की सगळं पुन्हा मापते, आणि ओतलेलं वजा करते. घाई केली तर वाफ जाते आणि आकडा चुकतो. या कामात तिला नेहमी बरं वाटायचं. आज मात्र तिचं लक्ष दाराकडे होतं. कोणीतरी ओरडेल, मिळाली, असं म्हणेल. स्वयंपाकघरातून फक्त चमच्यांचा आवाज येत होता. आर्लिस आत्या काहीतरी सांगत होती, जोडी हसत होती. तेवीस शतांश. मार्लाने दोनदा वाचलं, वहीत लिहिलं, आणि दारात आली.

काळा काटा नवाच्या पुढे सरकला होता. मिनिटकाटा एक आणि दोनच्या मधे.

"मिळाली?"

"काय?" ट्रॉयच्या तोंडात रोल होता.

"जागा."

"अजून तास आहे की." त्याने फोन उचलून दाखवला. आठ वाजून सात मिनिटं.

मार्लाने त्या फोनकडे पाहिलं. चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं, आणि ती इतकी नीट जुळलेली होती की क्षणभर तिला रागाऐवजी नवलच वाटलं. स्वयंपाकघर घराच्या पश्चिम टोकाला आहे. तिथे फोन कधी पूर्वेचा मोबाइल मनोरा धरतात, कधी पश्चिमेचा, आणि त्याप्रमाणे वेळ दाखवतात. या घरात राहणारं माणूस तिथे फोनची वेळ बघतच नाही. पण ट्रॉय आणि जोडीचं घर अर्धा मैल पूर्वेला. तिथे फोन खरं बोलतो. केन्झीचा लॅपटॉप ट्रॉयच्याच फोनच्या इंटरनेटवर चालत होता. आर्लिस आत्या जन्मभर लाल काटा बघत आलेली, आणि लाल काटा आठच दाखवत होता. चष्मा कपाळावर चढवून नकाशात बुडालेल्या बाबांना कुठलाच काटा दिसत नव्हता. आणि कागदावर तिने स्वतः 'पुढचे' हा शब्द लिहिला नव्हता.

"नऊ वाजून गेलेत," ती म्हणाली. "आपले नऊ."

ट्रॉयने घड्याळाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "अरे देवा," तो हळूच म्हणाला.

केन्झीची बोटं तोवर चालू झाली होती. सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झाले. पडद्यावरच्या नकाशात तळ्याकाठचे सगळे ठिपके राखाडी होते.

"ट्रेलरच्या जागा संपल्या," केन्झी म्हणाली. "सगळ्या."

"दुसरा दिवस बघ. अठरा."

"अठरा उद्या खुलणार, डॅड."

"मग उद्या बघू."

"अठराला आपण परतीच्या वाटेवर असायला हवं," मार्ला म्हणाली. "पंचवीसला हिचं कॉलेज आहे."

"थांबा," केन्झी म्हणाली. "एक हिरवा आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला. फक्त तंबू. ट्रेलर चालणार नाही." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने ठिपका दाबला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे चालू लागले. "पंधरा मिनिटं आपल्यासाठी धरून ठेवलीय. तोवर अर्ज भरायचा."

"तंबू," जोडी म्हणाली. "जमिनीवर."

"तुझ्या पाठीला बरं असतं म्हणतात," ट्रॉय म्हणाला.

"तू गप्प बस. एक बटण दाबायचं होतं तुला." जोडी खाली बसली. तिने स्वतःचं पाच आयतांचं चित्र घडी घालून कॉफीच्या कपाखाली सारलं. "दोन तंबू लागतील. ते लावता कुणाला येतात इथे?"

"मी सैन्यात होतो," बाबा म्हणाले.

"एल्डन, तुम्ही सैन्यात होतात तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता."

"मार्लाला येतात," आर्लिस आत्या म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात तिने अंगणात दोन तंबू लावले होते. एकटीने. कुठला वाऱ्यात टिकतो बघायला. एका रात्री तर त्यात झोपलीही होती."

मार्लाला हे कुणी पाहिलं असेल असं वाटलं नव्हतं. तिचे कान गरम झाले.

"मग सोपं आहे," ट्रॉय म्हणाला. "मार्ला आम्हाला शिकवेल. आणि वाटेत अडलं तर फोन आहेच. आम्ही प्रत्येक फाट्यावर तुला फोन करू, मार्ला. तू इथे टेबलाशी नकाशा घेऊन बसायचं. विमानतळावर ते बसतात ना, तसं."

तो मनापासून बोलत होता. त्याला हे कौतुक वाटत होतं. मार्लाने त्याच्याकडे पाहिलं आणि पंधरा दिवस या खुर्चीत फोनची वाट बघत बसलेली स्वतः तिला अगदी स्पष्ट दिसली, काचेखाली ठेवलेल्या नमुन्यासारखी.

जोडी नवऱ्याकडे बघत होती. "तुझ्या फोनवर?" ती म्हणाली. "ज्याने आत्ता आपली जागा घालवली त्या फोनवर? ट्रॉय, या बाईशिवाय आपण दक्षिण डाकोटासुद्धा ओलांडणार नाही." मग ती मार्लाकडे वळली, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मी चित्र काढलं तेव्हा तुला विचारलंच नाही. तू नाही म्हणशील असं गृहीत धरलं."

"अर्ज भरायचाय," केन्झी म्हणाली. "माणसं किती? इथे आठपर्यंत चालतात."

"पाच," बाबा म्हणाले.

केन्झीने लिहिलं नाही. "आजोबा, सहासुद्धा चालतात."

"मापक कोण वाचणार?"

"रॉस वाचेल," जोडी म्हणाली. "एवीतेवी तो येणारच आहे."

"रॉस वरचा आकडा धरतो. मी पाहिलंय त्याला. पाणी अकरावर असेल तर बारा म्हणतो."

"एका शतांशाने काय बिघडतं?"

"रोज एक धर. वर्षाचे साडेतीन इंच होतात."

"पाऊस रोज पडत नाही, बाबा," मार्ला म्हणाली. "वर्षात फार तर सत्तर दिवस. पाऊण इंचसुद्धा होत नाही."

बाबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मार्लाने त्यांचा हिशोब चारचौघांत दुरुस्त केला असं फारसं घडत नसे. "प्रश्न इंचाचा नाही," ते म्हणाले. "त्र्याण्णव वर्षं. एक दिवस चुकलेला नाही. माझ्या बापाने घातलेली शिस्त आहे. ती माझ्या हयातीत, एका सहलीसाठी…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मार्ला खुर्चीवर बसली. बावीस वर्षं तिच्या मनात एक प्रश्न होता. तो तिने विचारला नव्हता, कारण त्याचा उपयोग भांडणात करायचा नव्हता. आणि भांडणाशिवाय तो विचारायची वेळही कधी आली नव्हती. आताही तिला जिंकायचं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाबा, चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात, तीन ते अकरा तारखेला, इथे पाऊस पडला होता का?"

बाबांची पेन्सिल टेबलावर आडवी झाली.

"वहीत असेल," ते म्हणाले.

"वहीत नऊ शून्यं आहेत. रॉसच्या वडिलांच्या रोजनिशीत त्याच नऊ दिवसांत दोन इंच एकवीस शतांश आहेत, आणि गारा. चार मैलांवर. मी आधी म्हटलं, उन्हाळी पाऊस आहे, एका कुरणात पडतो, दुसऱ्यात नाही. पण नऊ दिवस तसं होत नाही. शिवाय ती शून्यं आजोबांच्या हातची नाहीत. आजोबांचं शून्य वर उघडं राहायचं. ही नीट मिटलेली आहेत. नऊच्या नऊ एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेली."

"कधी पाहिलंस?"

"सव्वीस वर्षांची होते तेव्हा. रॉसने रोजनिशा दिल्या होत्या वाचायला."

"आणि आजवर बोलली नाहीस."

"कसं विचारायचं ते कळलं नाही."

ट्रॉयने तोंड उघडलं आणि जोडीने त्याच्या हातावर हात ठेवला. तेव्हा आर्लिस आत्याने सुरी ट्रेमध्ये ठेवली आणि हात पुसले.

"त्याला काय विचारतेस," ती म्हणाली. "तो इथे नव्हताच. तुझ्या आईला घेऊन यलोस्टोनला गेला होता, लग्न नुकतं झालं होतं. आमचे बाबा ओमाहाला दवाखान्यात, पित्ताशयाचं ऑपरेशन. मागे मी होते. पंचवीस वर्षांची, लग्न न झालेली. या घरात मागे राहायला एक माणूस लागतं, तेव्हा ते मी होते."

"आर्लिस," बाबा म्हणाले.

"राहू दे, एल्डन. माझा लाइल जाऊन सहा वर्षं झाली, आता कुणाची भीती?" ती मार्लाकडे वळली. "लाइल, तेव्हा अजून माझा नवरा झाला नव्हता, ट्रक घेऊन फाटकात आला. म्हणाला, ब्लॅक हिल्सपर्यंत जाऊन येऊ, दोन दिवसांत परत. दोनाचे नऊ झाले. दहाव्या दिवशी मी घाबरत घाबरत परत आले. पाहते तर हा आदल्या दिवशीच पोचलेला. मला वाटलं, आता बाबांना सांगणार. पण वहीत बघितलं तर नऊ दिवस भरलेले. मला एका शब्दाने बोलला नाही. त्या दिवसापासून आज हा विषय पहिल्यांदा निघतोय."

केन्झीचे डोळे मोठे झाले होते. "आर्लिस आजी, तू पळून गेली होतीस?"

"पळून गेले असते तर परत आले नसते. फिरायला गेले होते." आत्या हसली. "नंतर लग्न करून अकरा मैल गेले. तास गेला एक, पण माझा मीच घालवला."

"आपल्या बाबांनी तुला घराबाहेर काढलं असतं," बाबा म्हणाले. "वहीत कोरी ओळ दिसली असती तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, मागे कोण होतं. कोरी ओळ म्हणजे तुझं नाव लिहिल्यासारखं होतं. शून्यावर कुणी प्रश्न विचारत नाही."

मार्लाला ती नऊ मिटलेली वर्तुळं आठवली. इतकी वर्षं तिने त्यांना आळस मानलं होतं, किंवा अभिमान. हे कारण तिच्या यादीत नव्हतं. तिला आपल्या बापाबद्दल अचानक खूप काही विचारावंसं वाटलं. तो त्या दिवशी वहीपुढे किती वेळ बसला होता, शून्य लिहिताना त्याला ठाऊक होतं का की अंगणातल्या नळकांड्यात तेव्हा पाणी भरलेलं होतं, ते त्याने कुठे ओतलं.

"म्हणजे नोंद एकदा तुटलेलीच आहे," ट्रॉय हळूच म्हणाला.

"तुटलेली नाही," मार्ला म्हणाली. "चुकीची आहे. ते वाईट. कोरी ठेवली असती तर चाललं असतं. खात्याची त्यासाठी खूण आहे, नोंद घेतली नाही एवढंच सांगणारी. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. आणि तो पडला होता."

"चार मिनिटं," केन्झी म्हणाली.

"मला वाटतं मार्लाने यावं," जोडीने सुरुवात केली, "कारण तंबू—"

"मला तर आधीपासूनच—" ट्रॉय म्हणाला.

"तुम्ही दोघं थांबा," आर्लिस आत्या म्हणाली. "इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून तिला मागे ठेवलं, आता सगळ्यांनी मिळून पुढे ढकलू नका. तिला तोंड आहे."

बाबा मार्लाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, परवानगीही नव्हती. ते खरंच वाट बघत होते, हवामानाची बघतात तशी: जे येईल ते लिहून घ्यायला तयार. आपण इतकी वर्षं त्यांच्या परवानगीची वाट पाहिली, आणि ती कधी मागितलीच नाही, हे मार्लाच्या ध्यानात आलं. जे मागितलंच नाही ते मिळालं नाही म्हणून कुणाला दोष द्यायचा? तिने हात टेबलावर ठेवले.

"किती लिहू?" केन्झीने विचारलं. या वेळी तिने आजोबांकडे पाहिलं नाही.

"सहा," मार्ला म्हणाली. "मी येणार आहे, बाबा. ऑगस्टातले पंधरा दिवस वहीत कोरे राहतील, आणि त्यांच्यासमोर कारण म्हणून मी माझं नाव लिहीन."